तोफेची वहिनी

अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी पत्रकारांसाठी मांडलेल्या खुर्च्या बहुतेक रिकाम्याच होत्या. जे बसले होते त्यांतले दोघं एकेरीच्या मुलाखतीनंतर उठायचा कंटाळा आला म्हणून थांबले होते, आणि एकाने चक्क डोळे मिटून घेतले होते. बॅडमिंटनमध्ये दुहेरीचं हे असंच असतं. एकेरीवाल्यांना हारतुरे आणि दुहेरीवाल्यांना उरलेली बिस्किटं. वहिनीने समोरच्या बशीतलं एक बिस्कीट उचललं, मऊ पडलंय बघून परत ठेवलं, आणि शेजारी बसलेल्या आपल्या जोडीदाराचं, म्हणजे सख्ख्या नणंदेचं, बोलणं ऐकू लागली. ऐकायची इच्छा नव्हती, पण कानांना झाकण नसतं.

नणंदेला सगळे तोफ म्हणत. कुठल्याशा वार्ताहराने एकदा तिच्या स्मॅशबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, आणि बाईसाहेबांनी आठवड्याच्या आत तो किटबॅगेवर छापून घेतला. स्वतःचं टोपणनाव स्वतःच रंगवून घेणारी माणसं वहिनीने फार पाहिली नव्हती, ट्रकवाले सोडले तर.

"जोडीत आमचं कसं असतं विचाराल तर," तोफ सांगत होती, "मी मागून मारते. खरं सांगायचं तर मी एकटीच खेळते. वहिनी पुढे असते, सोबतीला."

हशा पिकला. डोळे मिटलेला जागा झाला.

"उद्या जिंकलात तर जागतिक स्पर्धेतली जागा पक्की," एकाने विचारलं. "काय वाटतंय?"

"वाटायचंय काय? वहिनीला एकदा जग दाखवून आणते. इतकी वर्षं माझ्यापुढे उभी राहिलीय बिचारी, तेवढा तिचा हक्कच आहे. मग पुढच्या मोसमात कोणीतरी ताज्या दमाची बघू."

हे बोलताना तिने वहिनीच्या गुडघ्यावर थाप मारली. म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर मारतात तशी. वहिनीला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती बोलली नसती; ती नुसती हसली, आणि ते हसू उद्याच्या पेपरात 'आनंदी वहिनी' म्हणून छापून येणार हे तिला तिथेच कळलं.

अकरा वर्षांपूर्वी या दोघींची जोडी जमली. पुढे दोन वर्षांनी तिने तोफेच्या थोरल्या भावाशी, म्हणजे दोघींच्या प्रशिक्षकाशीच, लग्न करून टाकलं. 'करून टाकलं' हे तिचेच शब्द. त्या दिवसापासून पंच, रॅकेटला तार ओढणारा, मसाज करणारी, प्रतिस्पर्धी मुली, झाडून सगळे तिला वहिनी म्हणू लागले. तोपर्यंत ती खेळाडू होती. लग्नानंतर ती नुसतं नातं होऊन बसली. सासूबाईंनी दिवाणखान्यात लावलेल्या सगळ्या कात्रणांत तोफ हवेत उडी मारलेली दिसे आणि वहिनीचा फार तर खांदा.

बायकांच्या दुहेरीत एरवी दोघी जागा बदलत खेळतात. यांच्यात तसं नव्हतं. तोफेला जाळीजवळ यायला आवडत नसे. तिथे वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस फोटोत बरा दिसत नाही. म्हणून सर्व्हिस तोफेची असली तरी जाळीपाशी वहिनीच, आणि तोफ कायम मागे. जाळीपाशी वहिनीचं काम एकच. शटल, खेळाडू ज्याला फूल म्हणतात ते, जाळीवरून सपाट येऊ द्यायचं नाही; आलं की तिथल्या तिथे चेचायचं. इतक्या वर्षांत तिने इतकी फुलं चेचली होती की समोरच्यांनी तिच्या आसपास मारायचंच सोडून दिलं. तिला चुकवायचं तर फूल उंच उडवावं लागतं, तिच्या डोक्यावरून, थेट मागच्या रेषेकडे. आणि उंच उडालेलं फूल सावकाश खाली येतं, तेव्हा तिथे कोण उभं असतं? तोफ. ती ते आयतं ठोकते. मोठा आवाज होतो, आणि लोक त्या आवाजाला टाळ्या वाजवतात.

प्रतिस्पर्ध्यांना हे कळत होतं. पंचांनाही कळत असावं. जगात एकाच माणसाला कळत नव्हतं की तिच्या डोक्यावर रोज आयतं फूल कसं काय येऊन पडतं, आणि ते माणूस वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत बसून मुलाखती देत होतं.

आता कोणी म्हणेल, अगं, मग तू कधी सांगितलंस का तिला? नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. सांगणं तिला कमीपणाचं वाटे. जिला डोळे आहेत तिला दिसायला हवं, अशी तिची ताठ समजूत. आणि दिसत नाही म्हणून मनातल्या मनात नणंदेला मूर्ख, फुगीर, ढोल म्हणायचं हे तिचं रोजचं सुख. खरं तर तिरस्काराची तिला गोडी लागली होती. सकाळी रॅकेटची मूठ गुंडाळताना ती तोफेच्या एखाद्या वाक्याची नक्कल करून बघे, आणि सरावाला ताजीतवानी जाई. नवऱ्यालाही या तिरस्कारातला वाटा मिळे. संघटनेच्या अध्यक्षांना तर सगळ्यात मोठा, कारण ते दरवर्षी भाषणात शटलला चेंडू म्हणत.

पण जागतिक स्पर्धेचं नाव निघालं की हा सगळा ताठा गळून पडे. तिला तिथे जायचं होतं. फार जायचं होतं. एकदा तोफेचा खांदा निखळला म्हणून राहिलं, एकदा याच अंतिम सामन्यात हरल्या म्हणून. आता चौतिशी उलटली होती, गुडघा जिना उतरताना कुरकुरत होता, आणि यापुढे संधी नाही हे कोणी तोंडाने सांगायची गरज नव्हती. त्या मोठ्या दालनात, जगातल्या उत्तम हातांसमोर, एकदा जाळीपाशी उभं राहायचं. एवढंच तिला हवं होतं, आणि ते हवं असल्याची तिला लाजही वाटे, कारण त्यासाठी तिला त्या ढोलाची गरज होती. जागा जोडीची असते. दोघींच्या नावाने मिळते, आणि दोघींतली एक जरी गळली तरी खालच्या क्रमांकाच्या जोडीकडे जाते. ही एकच गोष्ट अशी होती की तिथे तोफेलाही वहिनी लागणार होती.

"तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस," खोलीवर आल्यावर नवरा म्हणाला. त्याच्या हातात उद्याच्या रॅकेटी होत्या आणि तो त्यांच्या तारांवर बोट मारून बघत होता. "तुला माहितीय ती कशी आहे."

"मला माहितीय," वहिनी म्हणाली. "तुला माहितीय का?"

तो समजूतदारपणे हसला. समजूतदारपणा हा त्याचा धंदाच होता. बहिणीशी बोलताना तो बायकोची समजूत काढे आणि बायकोशी बोलताना बहिणीची, आणि दोघींच्या मधे उभा राहून स्वतः मात्र कोरडाच राही.

दुसऱ्या दिवशी दालनात एकच हिरवी मॅट अंथरलेली, वर पांढरे दिवे, आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या भरलेल्या. समोर होती एक खूप उंच मुलगी आणि तिची चपळ, बुटकी जोडीदार. दोघी अशा वयाच्या की हरल्या तरी त्यांना पुढची चार वर्षं होती. पहिला गेम यांनी घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात बाजू बदलायची वेळ आली तेव्हा या दोन गुणांनी पिछाडीवर होत्या.

कोपऱ्यात प्रशिक्षकाच्या खुर्चीतून नवरा उठून आला. पाण्याची बाटली त्याने आधी बहिणीला दिली.

"तूच जिंकणार आहेस," तो तिला म्हणाला. "मार. तू मारत राहा, बाकी कोणाकडे बघू नकोस." मग बायकोकडे वळून, चार खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि तू जरा तिच्या वाटेतून बाजूला हो. मधे मधे नको. तिला मोकळं खेळू दे."

"तेच सांगतेय मी कधीची," तोफ म्हणाली आणि टॉवेलने मान पुसली.

वहिनी मॅटवर परत निघाली. बाजूला होऊ? बरं. काल जगासमोर सोबतीला म्हणून बसवलं, आज वाटेतून उठवलं. हिचा भाऊ, माझा नवरा, दोघींचा गुरू, एकाच तोंडाने बोलणारं खानदान! होते बाजूला. बघू दे एकदा, एकटी खेळणारीला एकटीने खेळून.

ती लगेच काही बाजूला झाली नाही. खेळाडूचा हात इतक्या सहज मनाचं ऐकत नाही. आणखी काही गुण ती नेहमीसारखी खेळली, दोन फुलं चेचली, आणि सोळा-सोळावर सर्व्हिस तोफेकडे आली तेव्हा मात्र तिने ठरवलं. ती जाळीपाशी आपल्या जागेवर गेली, नेहमीसारखी गुडघ्यांत वाकली, आणि रॅकेट खाली सोडली. नेहमी नाकासमोर असायची ती रॅकेट आता तिच्या मांडीला लागून लोंबत होती, बाजारातून आणलेल्या पिशवीसारखी.

आता हरणार, तिला वाटलं. त्याची भीतीही होती, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. जागतिक स्पर्धा गेली तर जाऊ दे. हिचं तोंड एकदा बघायचंय.

तोफेने सर्व्हिस केली. समोर उंच मुलीला सोपा फटका होता. फूल नुसतं वहिनीच्या शेजारून सपाट ढकललं असतं तरी पुरे होतं. पण तिने जाळीपाशी वहिनीचा आकार पाहिला, तो ओळखीचा वाकलेला खांदा पाहिला, आणि सवयीने फूल उंच उडवलं. मागे. तोफेने ठोकलं. सतरा.

वहिनीला वाटलं, योगायोग. पुढच्या सर्व्हिसवर बुटकीने तेच केलं. अठरा. मग उंच मुलीने पुन्हा. वहिनी हलली नाही, रॅकेट मांडीपासून उचलली नाही, आणि फुलं मात्र तिला वळसा घालून, तिच्या डोक्यावरून, तोफेच्या रॅकेटवर जाऊन पडत राहिली. एकोणीस. टाळ्यांनी दालन दणाणलं. मागून तोफेची आरोळी आली.

वहिनी उभी होती आणि तिला हसू फुटायच्या बेतात होतं. ती काही करत नव्हती, आणि जिंकत होती. तिच्या रॅकेटला नाही, तिच्या नुसत्या तिथे असण्याला त्या पोरी भीत होत्या. इतक्या वर्षांचं चेचणं जाळीपाशी तिच्याऐवजी उभं राहून खेळत होतं. आयुष्यात कोणी तिला एवढी मोठी पावती दिली नव्हती, आणि ती देत होत्या दोन परक्या मुली, स्वतःच्या नकळत. कोपऱ्यात नवरा खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याला रॅकेट दिसली होती. तो ओरडला नाही. तसाच, ना बसलेला ना उभा, बघत राहिला.

विसाव्या गुणानंतर, सामना एकाच गुणावर आला असताना, उंच मुलगी थांबली. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिने जाळीखालून वहिनीच्या लोंबत्या रॅकेटकडे पाहिलं. तिला कळलं. पोरगी हुशार होती. उठताना तिच्या तोंडावर एक बारीक हसू होतं.

सर्व्हिस झाली. उंच मुलगी पुढे धावून आली, हात उगारला, आणि शेवटच्या क्षणी मनगट वळवून फूल अलगद जाळीपलीकडे सोडलं, वहिनीच्या बरोबर समोर, मांजरापुढे दुधाची बशी ठेवावी तसं. घे, आजी, पी.

ते वहिनीला सहन झालं नाही. नणंदेने केलेला अपमान ती मुलाखतीच्या टेबलाशी हसून गिळू शकत होती; जाळीपाशी, तिच्या स्वतःच्या अंगणात, कालच्या पोरीने केलेला नाही. रॅकेट कधी वर आली तिचं तिलाही कळलं नाही. एक छोटा, कोरडा आवाज झाला, आणि फूल उंच मुलीच्या बुटांमधे जाऊन मॅटवर पडलं.

सामना संपला. जिंकल्या.

तोफ रॅकेट फेकून मॅटभर धावली, गुडघ्यांवर घसरली, प्रेक्षकांकडे हात पसरले. सगळं करून झाल्यावर तिला वहिनी आठवली. तिने येऊन तिला घट्ट मिठी मारली. मिठी खरी होती, त्यात खोट नव्हती.

"बघितलंस?" ती कानात म्हणाली. "ओळीने! आज तू मधे मधे आली नाहीस ना, म्हणून जमलं. हेच मी म्हणत होते!"

बक्षीस समारंभात अध्यक्षांनी चेंडूच्या वेगाबद्दल चार शब्द सांगितले. मग ध्वनिक्षेपक तोफेकडे गेला, आणि तोफेने आपण संकटाच्या वेळी एकटीने खिंड कशी लढवली ते सांगितलं. शेवटी, अध्यक्षांना वाटलं म्हणून, तो वहिनीच्या हातात आला.

"मी आजच्या सामन्यानंतर खेळणं थांबवतेय," वहिनी म्हणाली. "जागतिक स्पर्धेला मी जाणार नाही. सगळ्यांची आभारी आहे."

एवढंच. दालनात कुजबुज उठली. उंच मुलगी आणि बुटकी एकमेकींकडे बघू लागल्या, कारण खालची जोडी म्हणजे त्याच होत्या. अध्यक्षांना काय झालं ते कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तोफेचं तोंड, जे बघायची वहिनीला एवढी हौस होती, ते नुसतं उघडं राहिलं. बघून जितका आनंद होईल वाटलं होतं तितका झाला नाही. जरासा झाला.

खोलीवर ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. तिला जायचं होतं. ध्वनिक्षेपक हातात असतानाही जायचं होतं, शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाही जायचं होतं. कसला हा तोरा, जो आपलंच नाक कापून घेतो? तिने तोंड धुतलं, आरशात बघून स्वतःलाही एक शेलका शब्द दिला, आणि बाहेर आली.

नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. आज रॅकेटी हातात नव्हत्या.

"संघटनेला मी सांगितलंय, भावनेच्या भरात बोलली म्हणून," तो म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत ते थांबतील. अजून शब्द फिरवता येईल."

"तू पाहिलंस."

"रॅकेट? हो. पाहिली."

"मग त्या मुली मला का चुकवत होत्या तेही तुला कळलं असेल."

"ते मला आज कळलं असं वाटतं का तुला?" तो मान खाली घालून म्हणाला. "मी प्रशिक्षक आहे. पहिल्या वर्षापासून माहितीय मला. त्या जोडीतली खेळाडू तू आहेस. ती हातोडा आहे."

हे वाक्य वहिनीने इतकी वर्षं मनात ऐकलं होतं, आणि आता खरं ऐकल्यावर ते एखाद्या शिळ्या बातमीसारखं वाटलं.

"मग तिला का सांगितलं नाहीस?"

"खचली असती गं. मागून मारणाऱ्याला वाटावं लागतं की सगळं आपल्यामुळे आहे. शंका आली की हात आखडतो. तिला फुगवत ठेवावं लागतं."

"आणि मला?"

"तू मजबूत आहेस. तुला चालतं."

"आज माझ्यावर ओरडलास ते?"

"तिला ऐकू जावं म्हणून."

असा हा माणूस! एकीला फुगवायला दुसरीतली हवा काढून घेत होता, नऊ वर्षं एकाच पलंगावर झोपून, आणि त्याला वाटत होतं हे कौशल्य आहे. वहिनीला त्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या कानशिलांकडे बघून राग यायला हवा होता. तिला किळस आली. नणंद निदान जे वाटतं तेच बोलते. याला सगळं माहीत होतं.

"मी सांगतो तिला," तो घाईने म्हणाला. "आत्ता सांगतो. सामन्याचं रेकॉर्डिंग दाखवतो, एकेक गुण समजावतो. मग येशील? तुझंही स्वप्न आहे ते, मला माहितीय."

ती खिडकीशी गेली. खाली दालनाच्या मागच्या दाराने खुर्च्या बाहेर काढून टेम्पोत चढवत होते. ऊन उतरलं होतं. कितीही तोरा केला तरी मनातून एक दोर त्या मोठ्या दालनाकडे ओढत होता, आणि तो तोडायला तिच्याकडे बळ नव्हतं. कौतुक नको, माफीही नको. एकदा, फक्त एकदा, त्या बाईला दिसलं पाहिजे.

"सांग," ती म्हणाली. "तिला कळलं तर येते. खरंच येते. सकाळची वाट कशाला, आत्ता संघटनेला फोन करते."

तो जवळजवळ पळतच गेला.

वहिनी वाट बघत बसली. आपण पाय हलवतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो थांबवला. परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखी ती बसली होती, आणि निकाल लावणारी कोण, तर जिला ती आयुष्यभर ढोल म्हणत आली ती. हेही तिला दिसत होतं. तरी ती बसली होती.

दारावर टकटक झाली. तोफ एकटीच आली. भाऊ मागे राहिला असावा, किंवा तिने त्याला यायला मनाई केली असावी. डोळे सुजलेले, केस तसेच घामाने चिकटलेले, हातात फोन. ती पलंगावर बसली, वहिनीच्या अगदी शेजारी.

"दादाने सगळं सांगितलं," ती म्हणाली. आवाजात नेहमीची आरोळी नव्हती. "म्हणाला, नीट बघ. मी नीट बघितलं वहिनी. परत परत बघितलं. शपथ."

"मग?"

"तू रॅकेट खाली धरली होतीस."

"हो."

"पूर्ण खाली. आणि तरी त्या तुझ्याकडे मारत नव्हत्या." तिने फोन वहिनीसमोर धरला. पडद्यावर छोटीशी वहिनी वाकून उभी होती, आणि फूल तिच्या डोक्यावरून कमान करून जात होतं. "इथे बघ. इथे किती जागा आहे! बुटकीने नुसतं ढकललं असतं तरी गुण होता. पण ती उडवतेय. आणि ही उंच, ही पण. दोघी तुला चुकवतायत. मला हे कधी दिसलंच नव्हतं. मागून मला फक्त फूल दिसतं."

वहिनीने मान हलवली. तिचा हात पलंगावर ठेवलेल्या स्वतःच्या फोनकडे गेलाही.

तोफ कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होती. ती खरोखर विचार करत होती. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, गर्व नव्हता, समजून घ्यायची धडपड होती. मग तिने मान वर केली.

"पण वहिनी," ती अगदी मनापासून म्हणाली, "त्यात तू काय केलंस? तू तर नुसती उभी होतीस."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. राग शोधला, सापडला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला नणंदेबद्दल तिरस्कार वाटला नाही, आणि त्याशिवाय तिच्या जोडीने खेळायचं कशाच्या जोरावर, तेही उमगलं नाही. फोनवरचा हात तिने काढून घेतला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "काहीच नाही केलं. जा, आंघोळ कर, अंग गार पडेल. आणि जाताना दार ओढून घे."